शब्द आणि व्यवहार : हमी वस्तूची आणि हमी माणसाची



गेल्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात एका स्नेह्यांच्या विद्युत उपकरणांच्या दुकानात बसलो होतो. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला बसण्यासाठी बाजारपेठेत अशी दोन-चार दुकाने राखून ठेवावी लागतात. एक बाई मिक्सर पाहत होत्या. त्यांनी विचारले, "दादा, याला गॅरंटी आहे की वॉरंटी?" गल्ल्यावर बसलेला स्नेह्यांचा मुलगा म्हणाला, "ताई, दोन्ही एकच. दोन वर्षे काळजी नको." बाईंचे समाधान झाले, पावती फाटली, मिक्सर गेला. मला मात्र राहवेना. "अरे, दोन्ही एकच असते तर त्यांनी मध्ये 'की' कशाला घातला असता?" तो हसून म्हणाला, "काका, मग फरक तुम्हीच सांगा." तेवढ्यात गिऱ्हाईक आले आणि सांगायचे राहून गेले. ते आज येथे सांगतो. या दोन शब्दांतील फरक न कळल्यामुळे एका भल्या व्यापाऱ्याचे सव्वा लाख रुपये गेलेले मी पाहिले आहेत, आणि त्या प्रकरणात माझाही थोडा दोष होता. तेही ओघाने येईल.

प्रथम बाजारातील अर्थ पाहू. आपल्याकडे व्यापारात रूढ झालेला संकेत असा की गॅरंटी म्हणजे वस्तू बिघडल्यास बदलून मिळणार आणि वॉरंटी म्हणजे बिघडल्यास दुरुस्त करून मिळणार. इन्व्हर्टरच्या बॅटरीचे कार्ड पाहा. त्यावर पुष्कळदा काही महिने गॅरंटी आणि त्यापुढे काही महिने वॉरंटी अशी बेरीज केलेली असते. पहिल्या काळात बॅटरी निकामी झाली तर नवी विनामूल्य मिळते. दुसऱ्या काळात नव्या बॅटरीच्या किमतीत वापराच्या प्रमाणात सूट मिळते. हा संकेत सोयीचा आहे, ग्राहकालाही समजतो. परंतु तो व्यापाऱ्यांचा संकेत आहे, कायद्याचा नव्हे. आपल्या कायद्याच्या पुस्तकांत 'बदलून देणे म्हणजे गॅरंटी आणि दुरुस्त करून देणे म्हणजे वॉरंटी' असे कोठेही लिहिलेले नाही. कार्डावर जे सविस्तर छापले असेल तेच खरे. वर मोठ्या अक्षरांत कोणता शब्द आहे याला फारसे महत्त्व नाही. कापडाच्या काही दुकानांत 'फॅशनच्या जमान्यात गॅरंटीची अपेक्षा करू नये' अशा अर्थाची पाटी दिसते. त्या पाटीतील गॅरंटी हीदेखील याच घरगुती अर्थाची.

आता शब्दांच्या कुळाकडे वळू. गंमत अशी की हे दोन शब्द मुळात एकच आहेत. प्राचीन जर्मानिक बोलीतील एक शब्द, ज्याचा आशय रक्षण किंवा खात्री असा होता, तो फ्रेंच भाषेत गेला. उत्तर फ्रान्समधील नॉर्मन लोकांनी त्याच्या आरंभीचा 'व' हा उच्चार टिकवला. मध्य फ्रान्समधील लोकांनी त्याचा 'ग' केला. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले तेव्हा त्यांच्याबरोबर 'व'ची घराणी आली आणि पुढे पॅरिसकडील फ्रेंचच्या प्रभावातून 'ग'ची घराणी आली. इंग्रजीने दोघांनाही ठेवून घेतले. म्हणून वॉर्डन आणि गार्डियन हे भाऊ, वॉर्ड आणि गार्ड हे भाऊ, आणि वॉरंटी व गॅरंटी हेही भाऊच. पोलिसांचे वॉरंट त्याच घरातले. इंग्लंडचा राजा विल्यम हाच फ्रेंचांच्या तोंडी गिय्योम होतो, तो याच नियमाने.

आपल्या भाषेला हा प्रकार अपरिचित नाही. क्षेत्र आणि शेत एकाच मुळाचे. पण 'तीर्थक्षेत्री नांगर धरला' असे कोणी म्हणत नाही. श्रेष्ठी या शब्दाचे प्राकृतात सेट्ठी झाले आणि मराठीत शेठ. एकाच कुळातील दोन शब्द भाषेत राहिले की हळूहळू ते कामाची वाटणी करून घेतात, जशी दोन भाऊ दुकानाची करतात. गॅरंटी आणि वॉरंटी यांनीही केली, आणि ती वाटणी कोठे झाली हे व्यापाऱ्याने नीट ओळखले पाहिजे.

वॉरंटीच्या व्यवहारात माणसे दोनच असतात, विकणारा आणि घेणारा. विकणारा आपल्याच मालाविषयी आपलेच वचन देतो, की हा माल असा आहे. आपल्याकडे वस्तुविक्रीचा कायदा १९३० चा. त्याच्या बाराव्या कलमात विक्रीच्या वचनांचे दोन प्रकार केले आहेत. सौद्याच्या मुळाशी असलेले वचन ती 'कंडिशन'. ती मोडली तर ग्राहक सौदाच नाकारू शकतो. सौद्याला जोडून आलेले दुय्यम वचन ती 'वॉरंटी'. ती मोडली तर नुकसानभरपाई मागता येते, परंतु माल नाकारता येत नाही. शुद्ध रेशीम म्हणून विकलेली पैठणी रेशमाची नसेल, तर तेथे वर्णनाची अटच मोडली. केवळ वॉरंटी मोडली असे म्हणून दुकानदाराला सुटता येणार नाही.

गॅरंटीच्या व्यवहारात माणसे तीन लागतात. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या १२६ व्या कलमात तिची व्याख्या आहे. एक धनको, एक मुख्य ऋणको आणि तिसरा जामीनदार. ऋणकोने आपले देणे चुकवले नाही तर ते मी चुकवीन, असे जामीनदार धनकोला सांगतो. येथे माल नाही, मालाचा गुण नाही. येथे आहे ते दुसऱ्याचे वचन, आणि त्याखाली आपण घातलेला खांदा. त्या अर्थाने मिक्सरला गॅरंटी असूच शकत नाही, कारण मिक्सर कोणाचे देणे लागत नाही! दुकानात आपण ज्याला गॅरंटी म्हणतो ती कायद्याच्या दृष्टीने बहुतेक वेळा वॉरंटीच असते. आणि बँकेत आपण ज्याला 'एक सही' म्हणतो ती मात्र खरीखुरी गॅरंटी असते.

याविषयी इंग्लंडमधील १७०४ सालचा एक निवाडा फार बोधक आहे. बर्कमायर विरुद्ध डार्नेल असे त्याचे नाव. न्यायालयाने उदाहरण घेतले तेही दुकानाचेच. दोन माणसे दुकानात येतात. एक माल घेतो. दुसरा दुकानदाराला म्हणतो, याने पैसे दिले नाहीत तर मी देईन. ही गॅरंटी झाली. घेणारा मुख्य ऋणको, बोलणारा जामीनदार. परंतु दुसरा जर म्हणाला, याला माल द्या, पैसे माझ्याकडून घ्या, तर ती गॅरंटी नव्हे. तो स्वतःच मूळ देणेकरी झाला. मी यात आपल्या पेठेतला तिसरा नमुना जोडतो. फोनवर कोणी म्हणतो, "अहो, माणूस चांगला आहे, घराणे माहितीतले आहे, निःशंक माल द्या." ही गॅरंटीही नव्हे आणि उधारीची जबाबदारीही नव्हे, ही केवळ शिफारस. कोणी जाणूनबुजून खोटी शिफारस केली तर तो वेगळा प्रश्न; एरवी उधार बुडाली म्हणून शिफारस करणाऱ्याच्या दारात उभे राहता येत नाही. इंग्लंडमध्ये १६७७ च्या कायद्याने दुसऱ्याच्या देण्याची हमी लेखी असणे आवश्यक केले. आपल्या करार कायद्यात तसे बंधन नाही. १२६ वे कलम स्पष्ट सांगते की गॅरंटी तोंडी वा लेखी असू शकते. तेव्हा फोनवरील 'त्याने नाही दिले तर मी आहे' हे वाक्य उच्चारताना आपण काय देत आहोत हे ध्यानात असावे. सिद्ध करणे कठीण म्हणून ते वचन नाहीसे होत नाही.

आता ती हकीकत. नव्वदच्या दशकाच्या आरंभीची. मी तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी बँकेच्या शाखेत कर्ज विभाग पाहत होतो. गावात आपल्याच समाजातील एक कापड व्यापारी होते. साठीकडे झुकलेले, धोतर-टोपीतले, व्यवहाराला चोख. आमच्याकडे त्यांचे कॅश क्रेडिटचे खाते होते आणि काही मुदत ठेवी होत्या. त्यांच्या पत्नीच्या धाकट्या भावाने चार यंत्रमाग घेण्यासाठी कर्जाचा अर्ज केला. मुद्दल ऐंशी हजार. माग बँकेकडे नजरगहाण, आणि जोडीला एक जामीनदार हवा. मेहुण्याने साहजिकच दाजींना बरोबर आणले.

शेठजींनी माझ्यासमोर बसून विचारले, "साहेब, मला काय करायचे?" मी छापील हमीपत्र त्यांच्यापुढे सरकवले. ते इंग्रजीत होते, बारीक टायपात, दोन्ही बाजूंनी. शेठजींचे इंग्रजी सही आणि आकडे यांपुरते. त्या दिवशी शनिवार होता, अर्ध्या दिवसाची बँक होती, काउंटरवर रांग होती. मी म्हणालो, "काही नाही शेठजी, गॅरंटीची सही आहे. औपचारिकता." मागे वळून पाहताना माझ्या सदतीस वर्षांच्या नोकरीत मी उच्चारलेला सर्वांत बेजबाबदार शब्द तोच, असे मला वाटते. शेठजी मेहुण्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मुलगा सरळ आहे, कष्टाळू आहे, याची गॅरंटी मी शंभर वेळा देईन." आणि त्यांनी मोडीच्या वळणाची आपली ठसठशीत सही केली.

मुलगा खरोखरच सरळ होता आणि कष्टाळूही होता. शेठजींनी दिलेले वचन अक्षरशः खरे ठरले. परंतु सुताचे भाव चढले, कापडाला उठाव राहिला नाही, दोन व्यापाऱ्यांकडे त्याची बिले अडकली. हप्ते थकले. स्मरणपत्रे गेली. तीन-साडेतीन वर्षांत व्याज धरून देणे एक लाख सव्वीस हजारांवर पोहोचले. वरच्या कार्यालयाचे पत्र आले की जामीनदाराकडे मागणी करा. त्या पत्रावरून नोटीस मीच तयार केली आणि माझीच सही होऊन ती शेठजींच्या दुकानावर गेली.

दुसऱ्या दिवशी ते आले. रागावलेले नव्हते, गोंधळलेले होते. नोटीस माझ्या टेबलावर ठेवून त्यांनी विचारले, "साहेब, मी गॅरंटी माणसाची दिली होती. तुम्ही पैशांची मागता. माणूस वाईट निघाला का?" मी म्हणालो, नाही. "मग माझे वचन कोठे मोडले?"

त्या प्रश्नाला माझ्यापाशी कायद्याचे उत्तर होते, दुसरे नव्हते. आज तो प्रश्न मला अधिक स्पष्ट दिसतो. शेठजींनी मनाने दिली ती वॉरंटी होती. हा माणूस असा आहे, त्याच्यात हे गुण आहेत, हे माझ्या खात्रीचे. कागदावर त्यांच्याकडून घेतली गेली ती गॅरंटी होती. याने दिले नाहीत तर मी देईन. माणसाचे गुण जसेच्या तसे राहूनही गॅरंटी अंगावर येऊ शकते, कारण ती गुणांची नसतेच. ती फलिताची असते.

आणखी खेदाची गोष्ट अशी की आपल्या जुन्या दप्तरी मराठीत हा भेद पक्का होता. इंग्रजी अंमलापूर्वीपासून चालत आलेल्या व्यवहारात जामिनाचे निरनिराळे प्रकार असत. हाजीरजामीन म्हणजे माणूस वेळेवर हजर राहील याची हमी घेणारा. फेलजामीन म्हणजे त्याच्या वर्तणुकीची हमी घेणारा. मालजामीन म्हणजे पैसा भरण्याची हमी घेणारा. त्या शनिवारी मी 'गॅरंटी' आणि 'औपचारिकता' या दोन शब्दांऐवजी एवढेच म्हटले असते की "शेठजी, तुम्ही मालजामीन होत आहात," तर ते निदान थबकले असते. फेलजामीन व्हायला आलेल्या माणसाला मी मालजामीन करून पाठवले, आणि त्याला ते कळूही दिले नाही.

शेठजींनी विचारले, "आधी त्याचे माग विका, कमी पडेल ते मी देतो. हे तरी न्यायाचे आहे ना?" ऐकणाऱ्याला हे अगदी वाजवी वाटेल. परंतु करार कायद्याचे १२८ वे कलम सांगते की करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मुख्य ऋणकोच्या जबाबदारीएवढीच आणि तिच्याबरोबरचीच असते. आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असे तो हक्काने म्हणू शकत नाही. बिहारमधील एका बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकाच्या अखेरीसच हे स्पष्ट केले होते. धनकोला आधी ऋणकोच्या मागे पिटाळायचे असेल तर गॅरंटी घेण्याचा हेतूच उरत नाही, असा त्याचा आशय. बँक तर सोपा मार्ग धरणारच. कर्जदाराचे माग जप्त करून विकण्यापेक्षा जामीनदाराची मुदत ठेव वळती करणे सोपे.

शेठजींनी ठेव मोडली आणि उरलेली रक्कम दुकानातून अकरा हप्त्यांत भरली. एकही हप्ता चुकला नाही. त्या काळात त्यांच्या मुलीचे लग्न ठरत होते. ते एक वर्ष पुढे गेले, हे मला नंतर कळले.

शेवटचा हप्ता भरून झाला त्या दिवशी मी त्यांना आत बोलावले. करार कायद्यात जामीनदारासाठीही काही कलमे आहेत, आणि निदान ती तरी त्यांना नीट समजावून सांगावी असे मला वाटले. पूर्ण देणे फेडणारा जामीनदार धनकोच्या जागी उभा राहतो; धनकोला ऋणकोविरुद्ध जे अधिकार होते ते त्याला मिळतात. हे १४० वे कलम. तारणाचा लाभही त्याच्याकडे येतो. हे १४१ वे. आणि त्याने योग्यपणे भरलेली रक्कम परत देण्याचे ऋणकोचे वचन कायदा गृहीतच धरतो; हे १४५ वे. मी म्हणालो, "शेठजी, ते चार माग आता तुमच्या हक्कात येतात. कागद मी काढून देतो."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "साहेब, बायकोच्या माहेरच्या दारातून माग उचलून आणू? आणि ते चालवील कोण?" कागद त्यांनी घेतले, घडी करून वहीत ठेवले. माग तेथेच राहिले. मेहुण्याने पुढे काही रक्कम फेडली, सगळी नाही. शेठजींच्या पत्नी मात्र पुढची बरीच वर्षे भाऊबीजेला माहेरी गेल्या नाहीत. भावाने वाईट वागवले म्हणून नव्हे. आपल्याला पाहून भावाची मान खाली जाते, ते त्यांना बघवत नसे.

ही हकीकत लिहावी की न लिहावी याचा मी बराच विचार केला. आज ते उभयता हयात नाहीत.

बँकेच्या हमीपत्राविषयी आणखी थोडे सांगणे आवश्यक आहे. कायद्याने जामीनदाराला दिलेली बहुतेक संरक्षणे छापील नमुन्यात काढून घेतलेली असतात. धनको आणि ऋणको यांनी जामीनदाराला न विचारता मूळ करारात बदल केला तर त्यानंतरच्या व्यवहारांपुरता जामीनदार मोकळा होतो, असे १३३ वे कलम म्हणते. हमीपत्रात मात्र 'बँक मुदत वाढवू शकेल, अटी बदलू शकेल, त्यास माझी संमती आहे' असे वाक्य बहुधा असते आणि त्याखाली आपली सही असते. व्यापाऱ्यांना अधिक जपायचे ते 'कंटिन्युइंग गॅरंटी' या शब्दांना. कॅश क्रेडिटसाठी दिलेली हमी एका रकमेपुरती नसते. खाते चालू आहे तोवर ती चालू असते. पाच वर्षांपूर्वी खाते शून्यावर आले होते म्हणून जामीन सुटला, असे होत नाही. अशी हमी पुढील व्यवहारांपुरती लेखी सूचना देऊन मागे घेता येते. हे १३० वे कलम. झालेल्या देण्यापासून सुटका नाही, पण पुढचे तरी थांबते. भागीदारीतून बाहेर पडलेल्या किती जणांनी अशी सूचना दिली असेल? माझ्या पाहण्यात फार थोड्यांनी. वाटणीपत्र होते, फर्मच्या पाटीवरील नाव बदलते, आणि बँकेच्या कपाटातील हमीपत्रावर जुन्या भावाची सही तशीच असते.

कंपनी दिवाळखोरीत गेली, तिचे कर्ज तडजोडीने मिटले, तर संचालकाने दिलेली वैयक्तिक हमीही मिटली, असाही एक समज आहे. २१ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालाने तो दूर केला. कंपनीची योजना मंजूर झाली एवढ्यावरून हमीदार आपोआप मुक्त होत नाही. शिवाय आता आपण ज्या कर्जाला जामीन असतो ते आपल्या पतविषयक अहवालातही दिसते. पुतण्याचा हप्ता थकला की काकांचे गृहकर्ज अडते, ते यामुळे.

पुन्हा वॉरंटीकडे येतो, कारण दुकानदार वाचकांचा तिच्याशी रोजचा संबंध. 'वॉरंटी कंपनीची, आमची नाही' असे आपण सहज म्हणतो आणि ते पुष्कळसे खरेही असते. परंतु ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चे ८६ वे कलम वाचून पाहावे. उत्पादकाच्या वचनाहून स्वतंत्र असे स्पष्ट वचन विक्रेत्याने स्वतः दिले असेल, वस्तू त्या वचनाप्रमाणे नसेल, आणि त्यामुळे ग्राहकाला इजा किंवा अन्य मालमत्तेचे नुकसान झाले, तर विक्रेता स्वतः उत्तरदायी होतो. "कंपनी काही का म्हणेना, हा गीझर पाण्यात बुडाला तरी शॉक देणार नाही, माझी गॅरंटी!" असले वाक्य विक्रीच्या उत्साहात निघून जाते, ते विकणाऱ्याचे वचन ठरू शकते. पुरेशी तपासणी न करता वस्तूच्या टिकाऊपणाची हमी जाहीरपणे देणे हेही त्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथेत घातले आहे. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी सदोष मालाला लागू पडत नाही. पावतीवर मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांच्या आत सदोष माल परत घेण्यास नकार देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच.

विम्याच्या कागदांत मात्र या शब्दाने एकदम रूप पालटलेले असते. वस्तुविक्रीत वॉरंटी दुय्यम, पण विम्यात ती सर्वांत कडक. सागरी विम्याचा आपला कायदा १९६३ चा. त्याच्या ३५ व्या कलमाप्रमाणे विमा घेणाऱ्याने दिलेली वॉरंटी तंतोतंत पाळावी लागते, मग ती गोष्ट जोखमीच्या दृष्टीने महत्त्वाची असो वा नसो. ती मोडली तर, पॉलिसीत वेगळे म्हटले नसेल, तर मोडल्या क्षणापासून विमा कंपनी मोकळी. येथे वचन देणारे आपण असतो, घेणारी कंपनी. गोदामाच्या विम्याच्या कागदावर रात्रपाळीचा पहारेकरी असण्याची वॉरंटी असेल आणि पहारेकरी गावी गेला असेल, तर दाव्याच्या वेळी तो कागद आपल्यापुढे येतो. आपल्याकडील किती कुटुंबांनी आपल्या पॉलिसीतील वॉरंटीची पाने उलटून पाहिली आहेत, हे मी विचारीत नाही. मीही माझ्या घराच्या पॉलिसीची गेल्या वर्षीच पाहिली.

दुकानातल्या त्या मुलाला मी नंतर हे सारे सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि शेवटी विचारले, "काका, मग त्या ताईंना मी काय सांगायला हवे होते?" मी म्हणालो, "कार्ड उघडून दाखवायचे. मोटारला किती वर्षे, भांड्याला किती, दुरुस्ती कोठे होते, नेण्या-आणण्याचा खर्च कोणाचा. शब्द कोणताही वापर." त्याने दुसऱ्या दिवसापासून तसे सुरू केले, असे त्याचे वडील सांगतात; एका गिऱ्हाइकामागे चार मिनिटे जास्त जातात अशी त्यांची तक्रार आहे.

आणि मागच्या महिन्यात माझा भाचा शैक्षणिक कर्जाचे कागद घेऊन आला. "मामा, तुम्ही तर बँकवाले, तुमची एक सही लागेल." मी त्याला समोर बसवले, त्याच्या बापालाही फोन करून बोलावून घेतले, आणि तिघांनी मिळून ते हमीपत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचले. दीड तास लागला. रक्कम किती, मुदत किती, कर्ज वाढवले तर माझी संमती पुन्हा घेतली जाणार का, हे विचारून घेतले. हमीपत्राची एक प्रत मी माझ्या फायलीत ठेवली. मगच सही केली. भाच्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, चहा ठेवताना म्हणाली, "दादा, घरच्या घरात एवढे कशाला?" मी तिला शेठजींच्या पत्नीची भाऊबीज सांगितली.

पुढील अंकात 'प्लेज' आणि 'मॉर्टगेज' या शब्दांविषयी लिहीन. मॉर्टगेजमधील 'गेज' हाही आपल्या पगाराच्या 'वेज' या शब्दाचा भाऊ आहे, आणि त्याच्या आधीच्या 'मॉर्ट'चा अर्थ मृत असा आहे. मालमत्ता गहाण ठेवणाऱ्याच्या कागदावर हा शब्द कसा आला, ते तेव्हा पाहू.